अवताराचा देह : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मराठीत अवतारांविषयी चर्चा निघाली की ती बहुधा संख्येवर किंवा व्यक्तीवर जाते. अवतार दहा की चोवीस, नववा कोणता, अमुक सत्पुरुष अवतार होते की केवळ साक्षात्कारी, असे प्रश्न विचारले जातात आणि ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे सुटतात. या टिपणाचा विषय त्याहून अडचणीचा आहे. परमेश्वर मनुष्यरूपात येतो तेव्हा त्याला जे शरीर लाभते ते कशाचे घडलेले असते, ते कोठून येते, आणि कार्य आटोपल्यावर त्याचे काय होते? देव येतो, याबद्दल वैष्णव आचार्यांत कधी दुमत नव्हते. फाटाफूट झाली ती देहावरून. दशावतारांची नावे व त्यांच्या कथा वाचकांना ठाऊक आहेत असे धरून त्या येथे सोडल्या आहेत.

‘अवतार’ हा शब्द मुळात देवाचा नव्हेच. पाणिनीने तो ‘अव’ उपसर्ग आणि ‘तॄ’ धातू यांवरून साधण्याचा नियम सांगितला आहे (३.३.१२०), आणि त्यावर नंतरच्या व्याकरणकारांनी दिलेले उदाहरण विहिरीचे आहे : जेथून पाण्यापर्यंत उतरता येते ती जागा म्हणजे अवतार. भगवद्गीतेत, जेथे या सिद्धांताचे मूळ सर्वजण दाखवतात, तेथे हा शब्द एकदाही येत नाही. तेथे ‘संभवामि’ आहे, ‘आत्मानं सृजाम्यहम्’ आहे, ‘जन्म कर्म च मे दिव्यम्’ आहे. महाभारतातील नारायणीय भागात आणि हरिवंशात ‘प्रादुर्भाव’ हा शब्द वापरलेला आहे. उतरणे, जन्मणे आणि प्रकट होणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत. जो उतरतो तो आधी वर कोठेतरी असतो. जो जन्मतो त्याला आई लागते. जो प्रकट होतो तो आधीपासून तेथेच असतो. पुढे पुराणांनी या तिन्हींवर एकच शब्द घातला आणि गुंता पक्का झाला. बोलीभाषेने मात्र या शब्दाची एक बाजू अचूक धरली आहे. धुळीने माखून घरी आलेल्या मुलाला आई ‘हा काय अवतार करून आलास?’ असे विचारते, तेव्हा तिला त्याच्या आत्म्याविषयी काही म्हणायचे नसते.

वैदिक वाङ्मयातील बीजांबद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरे. शतपथ ब्राह्मणात मनूला वाचवणारा मासा विष्णूचा नाही. कासव आणि वराह ही प्रजापतीची रूपे आहेत. वामन तेवढा विष्णू आहे. ही सारी रूपे कथेपुरती येतात व कथेबरोबर विरतात, त्यामुळे त्यांच्या देहाची चौकशी करण्याची गरज कोणाला भासली नाही. ती गरज निर्माण झाली ती मनुष्यरूपांमुळे. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखात संकर्षण आणि वासुदेव यांना इतर देवांबरोबर वंदन केलेले आहे; म्हणजे इसवी सनापूर्वीच वृष्णिकुळातील हे दोन वीर आपल्याकडच्या घाटमाथ्यावर देव म्हणून स्थिरावले होते. ज्याचे आईबाप, लग्न, लढाया आणि मृत्यू सांगितले जातात असा पुरुष देव ठरला, की त्याच्या देहाचा हिशेब द्यावा लागतो. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात, सीतेच्या अग्निपरीक्षेच्या वेळी देव रामाला तू नारायण आहेस असे सांगतात, त्यापूर्वी राम म्हणतो, ‘आत्मानं मानुषं मन्ये रामं दशरथात्मजम्’, मी स्वतःला दशरथाचा मुलगा राम, एक माणूस समजतो. याउलट गीतेतील कृष्ण अर्जुनाला सांगतो की तुझे-माझे पुष्कळ जन्म झाले, ते सगळे मला ठाऊक आहेत, तुला नाहीत. मनुष्यदेहात आलेल्या देवाला आपले देवपण आठवते की नाही, यावर दोन महाकाव्यांची अशी दोन उत्तरे आहेत.

आचार्यांच्या वादाचे केंद्र गीतेच्या चौथ्या अध्यायातील सहावा श्लोक. मी अजन्मा, अव्यय आणि भूतांचा ईश्वर असूनही ‘प्रकृतिं स्वामधिष्ठाय संभवाम्यात्ममायया’ असे तेथे भगवंत म्हणतात. यातील ‘माया’ म्हणजे काय, यावर सारे अवलंबून आहे. शंकराचार्यांनी भाष्यात एक लहानसे अव्यय घातले : ‘देहवान् इव, जात इव’. देह असल्यासारखा, जन्मल्यासारखा. इतर लोकांप्रमाणे परमार्थतः नव्हे. या ‘इव’मुळे ब्रह्माचे निराकारत्व शाबूत राहते, पण अवताराचा देह हा लोकांवर अनुग्रह करण्यासाठी उभा केलेला देखावा ठरतो. रामानुजाचार्यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. त्यांनी जुन्या निघंटूचा आधार घेऊन ‘माया’ हा ज्ञानाचाच पर्याय आहे असे सांगितले. भगवंत आपल्या संकल्पाने येतो आणि त्याचा देह खरा असतो, मात्र तो सत्त्व, रज, तम यांच्या मिश्रणातून झालेला नसून अप्राकृत असतो. मध्वाचार्य याहून पुढे गेले. मूळ रूप आणि अवताररूप यांत कणभरही उणेअधिक नाही, दोन्ही सारखीच पूर्ण आहेत, असे त्यांचे म्हणणे. पांचरात्र या वैष्णव आगमांच्या परंपरेने आणखी एक सोय केली : काही अवतार साक्षात, तर काही आवेशाचे, म्हणजे एखाद्या जीवात परमेश्वराची शक्ती शिरल्याने झालेले. परशुराम आवेशावतार मानला की त्याची आणि रामाची एकाच काळात समोरासमोर गाठ कशी पडली, ही अडचण सुटते. रामायणात परशुरामाचे तेज रामात जाते, त्याचाही अर्थ लागतो. चिपळूणजवळच्या परशुरामाला नवस बोलणाऱ्यांना या भेदाने कधी अडवलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

येथवरचा वाद देह धारण करण्याविषयीचा झाला. देह सोडण्याचा वाद त्याहून चिवट आहे आणि तो एका अक्षरावर येऊन थांबतो, म्हणून त्याला येथे अधिक जागा देणे भाग आहे.

प्रभासक्षेत्री जरा नावाच्या व्याधाचा बाण लागून कृष्णाने निजधामास प्रयाण केले, हे सर्वांना माहीत आहे. त्यानंतर देहाचे काय झाले? महाभारताचे मौसलपर्व याबाबत संदिग्ध नाही. अर्जुन द्वारकेस येतो, वसुदेवाचा अंत्यविधी करतो, मग बलराम आणि वासुदेव या दोघांची शरीरे शोधवून आप्त माणसांकरवी त्यांचे दहन करवतो. विष्णुपुराणही हेच सांगते. तेथे तर ‘कलेवर’ हा शब्द आहे आणि रुक्मिणी आदी आठ राण्या हरीच्या देहाला कवटाळून अग्निप्रवेश करतात. म्हणजे दोन जुन्या ग्रंथांच्या साक्षीने पूर्णावताराचा देह चितेवर जळला.

भागवताच्या एकादश स्कंधातील शेवटच्या अध्यायात मात्र पुढील ओळ आहे : ‘योगधारणयाग्नेय्यादग्ध्वा धामाविशत् स्वकम्’. आग्नेयी योगधारणेने देह जाळून तो आपल्या धामात शिरला, असा अर्थ सरळ दिसतो. परंतु संधी सोडवताना ‘आग्नेय्या दग्ध्वा’ असेही वाचता येते आणि ‘आग्नेय्या अदग्ध्वा’ असेही; आ आणि अ एकत्र आले की आ-च उरतो, आणि शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेल्या पोथीत दोन्ही पाठ अक्षरशः सारखेच दिसतात. एका वाचनात देह जाळून गेला, दुसऱ्यात न जाळता गेला. श्रीधरस्वामींनी आपल्या टीकेत ‘अदग्ध्वा’ स्वीकारले आणि पुढच्या बहुतेक वैष्णव टीकाकारांनी तोच मार्ग धरला. त्यांची कारणे मननीय आहेत. स्वच्छंदमृत्यू योगी आपले शरीर योगाग्नीत जाळून लोकांतराला जातात, भगवंताचे तसे नाही; त्याच्या देहात जगाची स्थिती आहे, तेव्हा तो जळाला तर जगही जळेल. शिवाय त्याच श्लोकात या देहाला ‘धारणाध्यानमंगल’ म्हटले आहे. जो देह भक्तांच्या ध्यानाचा विषय आहे तोच भस्म झाला तर ध्यान करायचे कशाचे?

या युक्तिवादाला तर्कापेक्षा भक्तीचे बळ अधिक आहे, पण तो नुसता कल्पनाविलास म्हणून झटकता येत नाही. श्लोकाच्या पूर्वार्धातील विशेषणे ‘लोकाभिराम’ आणि ‘धारणाध्यानमंगल’ ही जाळण्यापूर्वीच्या वर्णनासाठी विचित्र वाटतात. ज्याची राख करायची त्याची अशी स्तुती कवी का करील? उलट बाजूने पाहता त्याच भागवताच्या प्रथम स्कंधात, ज्या तनूने भूमीचा भार हरण केला ती तनू अजन्म्याने टाकून दिली, काट्याने काटा काढावा तशी, आणि ईश्वराला दोन्ही काटे सारखेच, असे स्पष्ट वचन आहे. त्याला जोडूनच नटाचा दृष्टांत येतो, मत्स्यादी रूपे तो नटाप्रमाणे घेतो आणि टाकतो. म्हणजे एकाच ग्रंथाच्या आरंभी अवताराचा देह हा काम झाल्यावर फेकायचा काटा आहे, आणि अखेरीस, श्रीधरांच्या वाचनाप्रमाणे, जगाचा आधार आहे. टीकाकारांनी दुसऱ्या वचनाच्या आधारे पहिल्याची समजूत घातली. पहिल्याच्या आधारे दुसऱ्याची घातली असती, तर मौसलपर्वाशी मेळ बसला असता. माझ्या मते महाभारताची साक्ष अधिक जुनी आणि अधिक निर्भीड आहे. परंतु परंपरा नेहमी जुन्या साक्षीच्या मागे जाते असे नाही, आणि ‘अदग्ध्वा’ हाच पाठ पुढे रूढ झाला.

हा संस्कृत टीकाकारांचा वाद चालू असतानाच्या काळात महाराष्ट्रात, यादवांच्या राजवटीत, मराठीतून एक वेगळीच मांडणी झाली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे अवतारदेहाचा इतका शिस्तशीर विचार दुसऱ्या कोणत्याही देशी भाषेत त्या काळी झालेला नाही. महानुभाव पंथाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानले. चारही अनादी आणि एकमेकांपासून पूर्ण वेगळे. देवतांची संख्या एक्क्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा. विष्णू आणि शिव या गणतीत देवता म्हणून येतात, आणि देवतेला मोक्ष देण्याचा अधिकार नाही. याचा परिणाम असा की श्रीकृष्ण हा विष्णूचा अवतार राहत नाही. तो साक्षात परमेश्वराचा अवतार ठरतो. पंथ परमेश्वराचे जे पाच अवतार मानतो त्या पाच कृष्णांमध्ये श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ आणि पंथाचे संस्थापक चक्रधर यांचा समावेश आहे. राम त्यांत नाही. दशावतारांच्या यादीची ही मुळापासून केलेली फेरमांडणी होती, आणि पंथाबाहेरच्या लोकांचा त्यावर पुढे जो राग राहिला त्यामागे वेशभूषेइतकेच हेही कारण असावे.

आपल्या विषयाला याहून महत्त्वाची आहे ती देह धारण करण्याच्या प्रकारांची चर्चा. परमेश्वर मनुष्याचा देह तीन रीतींनी स्वीकारतो असे पंथाच्या तत्त्वज्ञानात सांगितले आहे. गर्भीचा अवतार म्हणजे मातेच्या उदरी येणे, श्रीकृष्णासारखे. पतिताचा अवतार म्हणजे पडलेला, जीव निघून गेलेला देह स्वीकारणे. दवडण्याचा अवतार म्हणजे देहातील जीवाला दवडून तो देह घेणे. अशा देहाला ‘मायापूर’ असे नाव आहे. हा शब्द शंकराचार्यांच्या ‘इव’हून फार वेगळ्या जातीचा आहे. पूर म्हणजे नगर, राहण्याची जागा. ती भासमान नाही, तिला भिंती आहेत, तेथे भूक लागते, ताप येतो, झोप येते. चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ असलेल्या लीळाचरित्रात ते आजारी पडतात, चालून थकतात, आणि त्यांचे शिष्य ही सर्व माहिती कसलाही संकोच न बाळगता नोंदवतात.

पतिताचा अवतार कसा घडला याचे वृत्त लीळाचरित्रात येते. गुजरातेतील भडोच येथील प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव मरण पावतो. त्याच सुमारास द्वारावतीचे चांगदेव राऊळ आपला देह ठेवतात आणि स्मशानात आणलेल्या हरिपाळदेवाच्या देहात प्रवेश करतात. मुलगा उठून बसतो, घरचे लोक आनंदाने त्याला परत नेतात, संसार पुन्हा सुरू होतो. पुढे जुगारात हरल्यावर पत्नीने दागिने द्यायला नकार दिला, त्यातून वैराग्याचे निमित्त झाले, रामटेकच्या यात्रेचे कारण सांगून ते घराबाहेर पडले आणि ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या भेटीस पोहोचले. तेथून चक्रधरांचे अवतारकार्य सुरू होते. (ऋद्धिपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील तेच गाव, जेथे अलीकडे मराठी भाषा विद्यापीठाची स्थापना झाली.)

ही कथा परकायाप्रवेशाच्या इतर कथांच्या रांगेत बसवण्याचा मोह होतो. योगसूत्रांच्या विभूतिपादात दुसऱ्याच्या शरीरात शिरण्याची सिद्धी सांगितलेली आहे, आणि शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. पण सिद्धी ही जीवाची असते. तो स्वतःचा देह कोठेतरी राखून ठेवतो आणि परत येतो. येथे परत येणे नाही. महानुभावांच्या मते येणारा जीवच नव्हे. अवतारसिद्धांताच्या जुन्या अडचणीवर हा एक नेमका उपाय आहे असे मला वाटते, आणि हा निष्कर्ष माझा आहे, पंथाच्या ग्रंथांवर मी तो लादत नाही. अडचण अशी : गर्भातला देह जीवाच्या कर्मामुळे घडतो, परमेश्वराला तर कर्म नाही, मग त्याचा देह कोणाच्या कर्माचा? रामानुजांनी देहच अप्राकृत ठरवून यातून वाट काढली. पतित देहाच्या बाबतीत प्रश्नच वेगळा होतो. देह हरिपाळदेव नावाच्या जीवाच्या कर्माने घडला, तो जीव आपला हिशेब घेऊन निघून गेला, आणि मागे जे रिकामे नगर राहिले त्यात परमेश्वराने वस्ती केली. हाडामांसाचा देह खराच, आणि तरी परमेश्वर अजन्माच.

याची किंमतही पंथाने चुकवली. आईच्या पोटी न येता प्रेतातून आलेला देव स्वीकारणे सोपे नव्हे, आणि टीकाकारांनी त्याची टिंगल केली. शिवाय हे सारे वाङ्मय चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत बंद झाले. सकळ लिपीची उकल होऊन ते पंथाबाहेरच्या अभ्यासकांना मिळाले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत. मधल्या सहा शतकांच्या मराठी धर्मचर्चेत ही मांडणी जवळजवळ गैरहजर आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय वारकरी आणि दत्त परंपरांनी देहाचा प्रश्न वेगळ्या रीतीने का सोडवला ते कळत नाही.

शके १२१२ मध्ये, म्हणजे लीळाचरित्र सिद्ध झाल्यावर फार तर दीड-दोन दशकांनी, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. चौथ्या अध्यायात ज्ञानदेव आधी अद्वैताची मर्यादा नीट सांभाळतात. माझी स्वतंत्रता मोडत नाही, परी ‘कर्माधीनु ऐसा आवडे’, कर्माधीन असल्यासारखा वाटतो; आरशामुळे एकाचे दोन दिसावेत तसे हे आहे; अमूर्त असूनही कार्यासाठी ‘साकारपणें नटें नटीं’. येथपर्यंत शंकराचार्यांचा ‘इव’ मराठीत आला, एवढेच. पण लगेच पुढच्या श्लोकावर लिहिताना सूर बदलतो : ‘म्हणौनि अजत्व परतें ठेवीं । मी अव्यक्तपणही नाठवीं’. अजन्मेपण बाजूला ठेवतो, अव्यक्तपणाची आठवणही ठेवत नाही, आणि ‘आपुल्याचेनि कैवारें’ अवतरतो. अजत्व ही ज्याची व्याख्या आहे तो ती व्याख्याच बाजूला सारतो, हे भाष्यकाराच्या चौकटीत बसणारे वाक्य नव्हे. ‘कैवार’ हा शब्द तर शास्त्राचा नाहीच. भांडणात आपल्या माणसाची बाजू घेणाऱ्याचा तो शब्द आहे. नवव्या अध्यायात मात्र, मनुष्यदेहामुळे मला मूढ लोक तुच्छ लेखतात या श्लोकावर, कावीळ झालेल्याला चांदणेही पिवळे दिसते असा दृष्टांत देऊन ते पुन्हा ‘विदेहासि देहधर्म आरोपिती’ अशी तक्रार भगवंताच्या तोंडी घालतात. हा ताण त्यांनी सोडवलेला नाही, आणि तो सुटलेला नाही हेच बरे झाले.

वारकरी परंपरेने पुढे अवताराच्या देहाला वळसाच घातला. विठ्ठलाला जन्मकथा नाही. तो आला आणि उभा राहिला. संतांनी त्याला ‘बौद्ध अवतार’ म्हटले ते बहुतेक ठिकाणी त्याच्या मौनावरून. जनाबाईच्या अभंगात कंसाला मारणारा कृष्णच आता बुद्ध होऊन सखा झाला आहे. या विठ्ठलाला माणूस होण्यासाठी गर्भ लागत नाही, प्रेतही लागत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी तो महाराच्या वेषात बिदरच्या दरबारी पैसे भरायला जातो, पैठणास एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे पाणी वाहतो, जनाबाईबरोबर दळायला बसतो. शास्त्राच्या भाषेत यांतील एकही प्रसंग अवतार नव्हे, कारण धर्माची ग्लानी, दुष्टांचा संहार, युगाची वेळ यांपैकी काहीच येथे नाही. काम झाले की तो निघून जातो आणि मागे देह राहत नाही, म्हणून दग्ध की अदग्ध हा प्रश्नही उद्भवत नाही.

दत्त परंपरेचे उत्तर पुन्हा निराळे आहे. महानुभावांचा दत्तात्रेय एकमुखी आणि परमेश्वराचा अवतार. सोळाव्या शतकातील गुरुचरित्रात तो त्रिमूर्तीचा होतो आणि त्याचे मनुष्यावतार एकामागून एक येऊ लागतात. पिठापूरचे श्रीपाद श्रीवल्लभ कुरवपुरी गुप्त होतात आणि आधी दिलेल्या वराप्रमाणे कारंजा येथे नृसिंह सरस्वती म्हणून जन्मतात. पुढे नृसिंह सरस्वतीही गाणगापुराहून श्रीशैलाकडे जाऊन पुष्पासनावर बसून दिसेनासे होतात. दोघेही गुप्त झाले, मृत्यू पावले असे ग्रंथ म्हणत नाही. देहाच्या जागी गाणगापुरात निर्गुण पादुका राहिल्या. गुप्त होण्यात एक सोय असते : जो गुप्त झाला तो पुन्हा प्रकट होऊ शकतो, आणि पुढच्या प्रत्येक दत्तावताराच्या दाव्याला येथे दार उघडे राहिले.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न पहिल्यांदा बाहेरच्या माणसांनी विचारला. १८३०च्या दशकात मुंबईत धर्मोपदेशक आणि शास्त्री यांच्यात जाहीर वाद झाले, त्यांत अवतारांच्या आचरणावर बोट ठेवले गेले. गंमत अशी की ख्रिस्ताविषयी मराठीत लिहिताना बायबलच्या भाषांतरकारांनी ‘अवतरला’ हा सहज हाताशी असलेला शब्द टाळून ‘शब्द देही झाला’ असे वाक्य रूढ केले. अवतार म्हटले की ‘इव’ची शंका येते, हे त्यांनी ओळखले असावे. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या एका सुधारक समाजाने परमेश्वर अवतार घेत नाही हे आपल्या मूलतत्त्वांतच घातले. १८७३ साली पुण्यातून प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाने त्याहून मूलगामी वाट धरली : मत्स्य, कच्छ, वराह, वामन ही देवाची रूपे नसून बाहेरून आलेल्या आक्रमकांचे म्होरके होते आणि बळीराजा हा येथल्या लोकांचा न्यायी राजा होता, असा अर्थ त्यात लावला आहे. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतल्या गेलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवीने बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे स्पष्टपणे नाकारले. या सर्व टीकांचा रोख अवतार कोणाच्या बाजूने येतो याकडे आहे. त्याचा देह कशाचा, हा जुना प्रश्न त्यांना निरर्थक वाटला, आणि त्यांच्या बाजूने पाहता तो तसा आहेही.

श्रद्धेच्या व्यवहारात मात्र तो प्रश्न गेला नाही. महानुभावांच्या मते शेवटचा अवतार डोळ्यांआड झाल्यावर उपासकांसाठी स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक (गृहस्थ अनुयायी) एवढीच साधने उरली, म्हणून जेथे जेथे ते बसले, जेवले, निजले तेथे ओटे बांधलेले आहेत आणि देहाच्या ऐवजी त्या ओट्यांना नमस्कार होतो. वारकऱ्यांनी तुकोबांना सदेह वैकुंठास पाठवले आणि ज्ञानदेवांना आळंदीस संजीवन समाधी दिली. गेल्या दीडशे वर्षांत दत्तावतार मानल्या गेलेल्या बहुतेक सत्पुरुषांचे देह मात्र दफन होऊन समाधिमंदिरांत आहेत. अक्कलकोटच्या स्वामींनी १८७८ साली देह ठेवला. त्यांच्या तोंडी घातले जाणारे ‘हम गया नहीं, जिंदा है’ हे वाक्य रिक्षांच्या मागच्या काचांवर आणि दुकानांतल्या तसबिरींखाली दिसते, आणि तीच माणसे चैत्र वद्य त्रयोदशीला स्वामींच्या पुण्यतिथीचा महाप्रसाद घ्यायला रांगेत उभी असतात.